वात उसळतो कशाने? दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहू



गटाच्या बैठकीत एखादीने नुसतं म्हणावं, "माझे हात फार दुखतात गं." लगेच सल्ले सुरू होतात. एक म्हणते, आंबट सोड. दुसरी म्हणते, वांगं-बटाटा वातूळ, हात लावू नको. तिसरी म्हणते, डाळ बंद कर, चौथी म्हणते, दूध-दही बंद कर. सगळ्यांचं ऐकलं तर त्या बाईच्या ताटात भाकरी आणि मीठ एवढंच उरेल. आणि हात? ते बऱ्याचदा दुखतच राहतात.

सल्ला देणारीचा हेतू चांगलाच असतो. पण आपण गटाच्या पैशाचा हिशेब ऐकीव गोष्टींवर ठेवत नाही, वही बघतो. दुखण्याचाही तसाच ठेवता येतो. तो कसा ठेवायचा, हाच आजचा पाठ.

एक शब्द, तीन दुखणी

आपल्याकडे सांधा दुखला की "वात आलाय" म्हणतात. पण या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी दुखणी येतात.

१) सांध्यांची झीज. वय वाढलं की गुडघे दुखतात, जिना चढताना, उकिडवं बसताना कळ येते. सकाळी थोडा ताठरपणा असतो, पण हालचाल सुरू झाली की लवकर मोकळं होतं.

२) युरिक अ‍ॅसिडचा वात, म्हणजे गाऊट. हा बहुतेकदा रात्रीत येतो. पायाचा अंगठा लाल होतो, सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. या दुखण्यात दारू, मटण, कलेजी यांचा संबंध नक्की आहे.

३) आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. त्यामुळे सांधे आतून सुजतात.

गोंधळ इथेच होतो. गाऊटवाल्याला दिलेलं पथ्य आमवातवाल्या बाईला सांगितलं जातं, आणि झिजेच्या गुडघ्याचं तेल आमवाताच्या बोटांना चोळलं जातं. म्हणून पथ्य विचारण्याआधी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा: "मला नेमका कोणता वात आहे?"

आजचा पाठ तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे आमवाताबद्दल आहे.

हे दुखणं आपल्यातलंच आहे

१९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. त्यात दर दोनशे प्रौढ माणसांमागे साधारण एकाला आमवात असल्याचं दिसलं. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतं, आणि बहुतेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतं. म्हणजे ऐन कामाच्या वयात. आपल्या ग्रामसंघात दोनशे बायका असतील, तर त्यातल्या एकदोघींना तरी हे दुखणं असू शकतं.

ओळखायचं कसं?
– सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. हा ताठरपणा अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त टिकतो.
– दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायाचे चवडे असे दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजतात.
– हे सगळं सहा आठवड्यांहून जास्त चालू राहतं.
– अंगात बळ राहत नाही, भूक मंदावते, कधी बारीक ताप येतो.

अशी लक्षणं असतील तर थांबू नका. सांध्यांचं जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतं, आणि एकदा वाकडी झालेली बोटं गोळीने सरळ होत नाहीत. गाईची धार काढायची, भाकरी थापायची, शिलाई मशीन चालवायची, बँकेत सही करायची ती याच बोटांनी. म्हणून "वयाप्रमाणे चालायचंच" असं म्हणून दुखणं अंगावर काढू नये.

रक्ताच्या तपासण्यांत डॉक्टर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी लिहून देतात. (ही सीआरपी म्हणजे आपली गावातली सीआरपी ताई नव्हे, शरीरातली सूज दाखवणारी तपासणी!) आरए फॅक्टर नसला तरी आमवात असू शकतो, म्हणून एका कागदावरून स्वतःच निष्कर्ष काढू नका.

उसळी म्हणजे काय?

आमवात रोज सारखा नसतो. चार आठवडे बरे जातात आणि मग अचानक दुखणं उसळतं. खुरपणी केल्यावर अंग दुखणं वेगळं आणि ही उसळी वेगळी. कामाने आलेलं दुखणं रात्रीची झोप आणि विश्रांती मिळाली की उतरतं. उसळीत सांधे सुजतात, गरम लागतात, सकाळचा ताठरपणा लांबतो, थकवा येतो आणि हे दोन-तीन दिवस किंवा त्याहून जास्त चालतं.

उसळी आली की आपण कालचं ताट आठवतो. "काल टोमॅटोची चटणी खाल्ली ना, त्यानेच झालं!" ताट पटकन आठवतं, म्हणून दोष ताटावर येतो. पण परवाची चुकलेली गोळी, चार दिवसांपूर्वीचा खोकला, दोन रात्रींचं जागरण हे आठवत नाही. आणि टोमॅटो खाऊनही काही झालं नाही असे महिन्यातले पंधरा दिवस तर कुणीच मोजत नाही.

गटाच्या वहीत फक्त खर्च लिहिला आणि जमा लिहिलीच नाही, तर तो हिशेब धरतो का आपण? दुखण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो.

खाण्याबद्दल पक्कं काय माहीत आहे?

आमवात असलेल्या सगळ्यांना बाधतो असा कोणताही एक पदार्थ आजवर सिद्ध झालेला नाही. चिंच, लिंबू, टोमॅटो, वांगं, बटाटा, डाळ यांच्यावर सरसकट बंदी घालायला भक्कम आधार नाही. काही मोजक्या जणींना एखादा पदार्थ खरंच सोसत नाही. पण तो कोणता, हे प्रत्येकीचं वेगळं असतं आणि स्वतःच्या नोंदीतूनच कळतं.

उलट, चुकीचं पथ्य महागात पडतं. आमवातामुळे रक्त कमी होतं. त्यात घरात शेवटी जेवणारी बाई डाळ, दूध, अंडी, भाज्याही सोडून बसली, तर रक्त आणखी उतरतं, स्नायू रोडावतात आणि थकवा वाढतो. मग ती म्हणते, "वात वाढला." वाढलेला असतो तो अशक्तपणा.

चांगलं काय? ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, डाळ आणि मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, शेवगा, हंगामी फळं, तीळ, कारळं, जवसाची चटणी, झेपेल तसं दूध-दही-अंडी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारलीसारखे तेलकट मासे खावेत. अशा माशांच्या तेलाने सूज थोडी कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. कमी काय करायचं? दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा, बिस्किटं, फरसाण, वेफर्स, वारंवार तळलेलं. याने वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन गुडघ्या-पावलांवर भार टाकतं, शरीरातली सूजही वाढवतं.

उपवासाचंही पाहा. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाणा वडे खाणं यात पथ्य काहीच नाही. शिवाय रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेतली तर पोटात जखम होऊ शकते.

ताटाबाहेरची कारणं

वही ठेवली की बहुतेकींना दोष या जागी सापडतो:

– औषध चुकणं. संपलं, गाडी चुकली, पैसे नव्हते, किंवा "बरं वाटतंय" म्हणून सोडलं.
– ताप, खोकला, लघवीची जळजळ, दाताचा-हिरडीचा संसर्ग.
– जास्तीचं काम. बरं वाटणाऱ्या दिवशी साचलेलं सगळं एकदम उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचं.
– जागरण आणि अपुरी झोप.
– मनावरचा ताण. घरातलं भांडण, आजारपण, हप्त्याची चिंता.
– बाळंतपणानंतरचे महिने. गरोदरपणात अनेकींना आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणं पुन्हा उठतं. त्याचा दोष बाळंतिणीच्या खाण्यावर टाकू नका.
– विडी-सिगारेटचा धूर. धूम्रपानाने आमवात होण्याची शक्यता आणि त्याची तीव्रता दोन्ही वाढतात. मिसरीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या आजाराचा आमवाताशी संबंध दिसून आला आहे. मिसरी सोडण्याला हेही एक कारण.

थंडीत आणि ढगाळ हवेत दुखणं जास्त जाणवतं, असं पुष्कळजणी सांगतात. हवा काही आपल्या हातात नाही. पण सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून दहा मिनिटं बोटं उघड-मीट करणं हातात आहे.

वही कशी ठेवायची?

साधी शंभर पानी वही घ्या. रोज रात्री दोन मिनिटं पुरतात. सहा रकाने आखा:

१. तारीख
२. सकाळचा ताठरपणा किती वेळ? (मिनिटं. घड्याळ नसेल तर "चहा होईपर्यंत", "पाणी भरून होईपर्यंत", "स्वयंपाक होईपर्यंत")
३. दुखणं किती? शून्य ते दहा. सुजलेला सांधा असेल तर तोही लिहा.
४. औषध घेतलं का? हो किंवा नाही.
५. झोप, काम, ताप-खोकला, ताण. नेहमीपेक्षा वेगळं असेल तेवढंच.
६. ज्या पदार्थावर संशय आहे तो खाल्ला का? हो किंवा नाही.

लिहिता येत नसेल तर ठिपके काढा किंवा कॅलेंडरवर टिकल्या चिकटवा: बऱ्या दिवसाला हिरवी, उसळीच्या दिवसाला लाल. मुलीला, सुनेला किंवा गटाच्या सचिव ताईला सांगून बाकीचं लिहून घ्या. मासिक पाळीचे दिवसही खूण करून ठेवा.

महत्त्वाचा नियम एकच: दुखलं नाही त्या दिवशीही लिहायचं.

नमुन्याचा हिशेब

समजा, एका ताईने आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस वही भरली. तिचा संशय टोमॅटोवर होता. या काळात तीन उसळ्या आल्या. तिने मोजलं:

टोमॅटो खाल्लेले दिवस: २४
त्यातल्या ज्या दिवसांच्या दुसऱ्या दिवशी उसळी आली: २
टोमॅटो खाऊनही काही झालं नाही: २२
टोमॅटो न खाताही आलेली उसळी: १

मग तिने उसळीच्या आधीचे दिवस पाहिले. पहिल्या उसळीआधी सोयाबीनची काढणी होती आणि आठवड्याची गोळी सलग दोन वेळा राहिली होती. दुसऱ्या उसळीआधी ताप-खोकला होता. तिसऱ्या उसळीआधी पाहुण्यांकडचं लग्न, दोन रात्रींचं जागरण आणि ढीगभर भांडी.

टोमॅटो सुटला! पहिल्या उसळीत मात्र काढणी कारण की चुकलेली गोळी, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकदम झालं. पुढच्या काढणीत गोळी चुकवायची नाही आणि मग काय होतं ते पाहायचं. असा एकेक धागा सोडवत जायचा.

एखादा पदार्थ तपासायचा तर

वहीतून एखाद्या पदार्थावर खरंच संशय बळावला, तर असं करा:

– एका वेळी एकच पदार्थ सोडा. दोन सोडले तर कोणाचा दोष ते कळणार नाही.
– तीन आठवडे तो अजिबात खाऊ नका. औषधं आणि बाकीचं खाणं आहे तसंच ठेवा.
– मग तो पदार्थ सलग तीन दिवस नेहमीच्या प्रमाणात खा आणि पुढचे दोन-तीन दिवस नोंद करा.
– काही फरक पडला नाही तर तो पदार्थ ताटात परत आणा.
– दुखणं वाढलं तर पुन्हा सोडा, आणि काही दिवसांनी एकदा आणखी तपासा. दोन्ही वेळा तसंच झालं तरच तो कायमचा बाजूला काढा.
– डाळ किंवा दूध सोडावं लागलं तर त्याच्या जागी काय खायचं ते आधी ठरवा.

गरोदर, बाळाला पाजणाऱ्या किंवा रक्त खूप कमी असलेल्या ताईंनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि कोणताही पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर ती अ‍ॅलर्जी आहे. तो पदार्थ पुन्हा खाऊन पाहायचा नाही.

गोळ्यांबद्दल चार गोष्टी

पथ्य औषधाच्या जोडीला असतं, त्याची जागा घेत नाही. दुखण्याची गोळी कळ थांबवते, पण आतली झीज थांबवत नाही. ती थांबवणारी औषधं वेगळी असतात. त्यांचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून महिनाभरात "लागू पडत नाही" म्हणून सोडू नका.

त्यातलं नेहमीचं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. गावच्या बाजाराचा वार ठरवा, म्हणजे विसरणार नाही. सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही. मूल हवं असेल, पाळी चुकली असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. ताप आला तर त्या आठवड्याची गोळी घ्यायची का, हेही विचारा.

"वाताची पुडी" घेऊन दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर सावध व्हा. अशा बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेली पुडी किंवा स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका. जेवणातली हळद जरूर खा. तिच्या जोरावर औषध मात्र सोडू नका.

लगेच दवाखाना कधी?

– एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि थंडी-ताप आला.
– औषध चालू असताना तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला किंवा धाप लागली, अंगावर काळे-निळे डाग पडले.
– शौच काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं.
– डोळा लाल होऊन दुखू लागला.

काम कमी नाही, पण वाटून

काम सोडा असं कोण सांगणार आणि ऐकणार तरी कोण? पण जड काम दिवसांत वाटता येतं. धुणं एका दिवशी, दळण-निवडण दुसऱ्या दिवशी. कपडा पिळताना नळाला अडकवून पिळा. हंडा बोटांवर उचलण्याऐवजी लहान कळशीने दोन फेऱ्या करा. पिशवी बोटांत न धरता कोपराला किंवा खांद्याला लावा. उसळीत सुजलेल्या सांध्याला विश्रांती द्या, पण दिवसातून दोनदा हळूच हलवा, नाहीतर तो आखडतो. उसळी उतरली की रोज थोडं चाला. आणि ही वही घरच्यांनाही दाखवा. "ही नुसती कुरकुर करते" म्हणणाऱ्या माणसाला लाल टिकल्यांची रांग दिसली, तर पाण्याचा हंडा तोही उचलेल.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या गटात कुणाचे हात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडतात? आशाताईंना सांगून त्या ताईला आरोग्य केंद्रात आणि तिथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयात पाठवायचं ठरवा. सोबत कोण जाईल, हेही ठरवा.
२. "वातात हे खाऊ नये" असं आपण काय काय ऐकलं आहे? यादी करा. त्यातलं कोणी स्वतः दोन्ही बाजूंनी मोजून पाहिलं आहे का?
३. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या ताईंनी आपापला वार सांगा. त्या वारी आठवण करून द्यायला एक मैत्रीण नेमा.
४. ज्या ताईंना आमवात आहे त्यांनी आजपासून वही सुरू करा. आठ आठवड्यांनी तीच वही डॉक्टरांपुढे ठेवा. "कधी दुखतं?" असं त्यांनी विचारलं की आठवत बसावं लागणार नाही.

आणि आता एखादी म्हणाली, "माझे हात फार दुखतात गं," तर काही सोड म्हणण्याआधी तिला विचारूया, "किती दिवस झाले? डॉक्टरांना दाखवलंस का? गोळी वेळेवर घेतेस ना?"